तात्यांचा गुडघा

“अवो, हळू बोला की,” वैजयंता म्हणाली.

“हळूच तर बोलतोय!” मी म्हणालो, आणि पाळण्यातली पोर दचकून उठली. पलीकडच्या बिऱ्हाडातून कुणीतरी भिंतीवर लाटणं आपटलं.

“नापास,” उंबऱ्यावर बसलेले केशवतात्या म्हणाले आणि पुन्हा तंबाखू मळू लागले. “निजवा तिला. पुन्यांदा घ्यायची परीक्षा.”

परीक्षा साधी होती. सात महिन्यांची अमृता झोपली की मी पाळण्याजवळ उभं राहायचं आणि म्हणायचं, “नमस्कार, या, बसा. काय त्रास होतोय?” पोर झोपलेली राहिली तर पास. सकाळपासून मी पाच वेळा नापास झालो होतो. पोरीची झोप होईना, वैजयंताची कामं होईनात आणि माझा नमस्कार काही खाली येईना. तेच वाक्य तात्या उंबऱ्यावरून म्हणायचे, तर पोर झोपेत हसायची.

यात माझा काय दोष? मी इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडमध्ये अकरा वर्षं काढली होती. एका छपराखाली चोवीस माग, आणि प्रत्येक मागावर धोटा मिनिटाला शंभरावर वेळा इकडून तिकडे आपटायचा. तिथे साक्षात देवाने येऊन वर माग म्हटलं असतं, तरी आम्ही “आं?” म्हणालो असतो. म्हणून मागवाले एकमेकांशी ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही. ओठ नीट हलवायचे, अडलं तर बोटांची मदत घ्यायची. शेडच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तात्या, आणि आमची सुखदुःखं मधल्या चोवीस मागांवरून ये-जा करायची. मालक मध्ये उभे असले तर मालकांविषयीही बोलणं व्हायचं. पण शेडबाहेर आलं की अर्ध्या बहिऱ्या कानांमुळे तात्या सोडून आम्ही सगळे बायकोलाही गावसभेत बोलल्यासारखं बोलायचो.

तात्या आमचे जॉबर. म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. वय त्रेपन्न. दिवसातून दहा वेळा मागाखाली सरपटत जायचे. गळ्यात सुताच्या दोरीला चष्मा बांधलेला असायचा. तुटलेली तार, म्हणजे ताण्याचा धागा, फणीतून ओवायची वेळ आली की तो नाकावर चढायचा, काम झालं की छातीवर लोंबायचा. मी सतरा-अठरा वर्षांचा शेडमध्ये आलो तेव्हा मला धोटा धरायलाही त्यांनीच शिकवलं होतं. ओठांवरचं वाचायलाही त्यांनीच.

मग बाहेरच्या गावांत आपोआप चालणारे नवे माग आले आणि आमच्या कापडाला कुणी विचारेना. एका सोमवारी मालकांनी शेड बंद केली. चोवीस माग गप्प झाले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तात्यांचा आवाज किती बारीक आहे. अकरा वर्षं मी तो धड ऐकलाच नव्हता.

माग भंगारात गेले आणि माणसं चारी दिशांना. एकजण रिक्षा चालवू लागला. दोघे कागलकडे फाउंड्रीत लागले. एकाने चिकनचा गाडा टाकला, पण तो गिऱ्हाईकाला “या, बसा” म्हणाला की गिऱ्हाईकाला वाटायचं इथं भांडण चाललंय, आणि ते पुढच्या गाड्यावर जायचं. मालकांनी तर रिकाम्या शेडला गुलाबी रंग मारून मंगल कार्यालय काढलं. “चोवीस मागांचा दणका सोसलाय ह्या भिंतींनी,” ते म्हणाले, “बँडबाजाला काय भेत्यात?”

राहिलो मी आणि तात्या. जयसिंगपूरच्या रस्त्याला नवं, मोठं इस्पितळ झालं होतं. तिथे मदतनीसाच्या दोन जागा होत्या. दारात उभं राहायचं, आलेल्या रुग्णाला हात द्यायचा, कुठं जायचं ते सांगायचं. अट एकच, बोलणं मऊ पाहिजे.

मला ती जागा मिळायलाच हवी होती. माझ्या सासऱ्यांची शिरोळला वीटभट्टी होती. त्यांनी निरोप धाडला होता, महिनाअखेरपर्यंत काम लागलं नाही तर लेक आणि नात घेऊन जातो, जावयालाही भट्टीवर ठेवून घेतो. सासऱ्याच्या भट्टीवरचा जावई म्हणजे तिथल्या गाढवांच्या जरा वर आणि मुकादमाच्या बराच खाली. शिवाय सासरे म्हणाले म्हणजे ते येणारच, हे वैजयंतालाही ठाऊक होतं. तिने ट्रंक पुसून ठेवली होती.

तात्यांनाही काम हवंच होतं. मुलगा पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. घरात ते आणि काकू, आणि काकू लोकांचे पापड लाटून दिवस ढकलत होत्या.

जागा दोन होत्या, म्हणून मी तात्यांची तयारी स्वतःच्या हाताने केली. मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्यांचे केस काळे केले. मिशीला रंग लावताना हात हलला आणि वरचा ओठही काळा झाला. काकू म्हणाल्या, “बाई गं! न्हवरा हाय का नाटकातला राजा?”

“आणि तात्या, तो चष्मा घरी ठेवा उद्या,” मी बजावलं. “चष्म्यात म्हातारं दिसताय.”

“आन् सही कराय लागली तर?”

“मी दावतो की कुठं करायची.”

“बरं,” तात्या म्हणाले आणि त्यांनी गळ्यातली दोरी काढून खुंटीला अडकवली.

इस्पितळात पाय ठेवला तर जमीन इतकी गुळगुळीत की आम्ही दोघे चिखलातून चालल्यासारखे चालू लागलो. शिपायाने बाकावर बसवलं आणि सहज सांगितलं, “दोन जागा हुत्या. एक काल भरली बगा. आता एकच हाय.”

मी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“एक तर एक,” तात्या म्हणाले. “तुला मिळाली तर पेढं तू द्यायचं, मला मिळाली तर मी.”

समोरच काचेची खोली होती. आत डॉक्टरसाहेब आणि पुण्याहून आलेल्या एक मॅडम बसल्या होत्या. मला आधी बोलावलं. दार उघडलं, छाती पुढे काढली आणि म्हणालो, “नमस्कार!”

मॅडमच्या हातातलं पेन पडलं. बाहेरून शिपाई धावत आला. डॉक्टरांनी त्याला हातानेच परत पाठवलं. त्यानंतर त्यांनी मला चार प्रश्न विचारले. मी चारही उत्तरं बरोबर दिली, पण शेवटच्या उत्तराला शेजारच्या खोलीत कुणाचं तरी बाळ रडू लागलं. ते बाळ कुठल्या परीक्षेला बसवलेलं नव्हतं, पण निकाल त्यानेच लावला.

मग तात्या आत गेले. मी बाकावरून काचेपलीकडचं सगळं बोलणं वाचत होतो. शेडमध्ये चोवीस माग ओलांडून वाचणाऱ्याला एका काचेचं काय!

“कापडाचा धंदा का सोडला?” मॅडमनी विचारलं.

“आमी न्हाई सोडला,” तात्या म्हणाले. “त्यानंच आमाला सोडलं.”

डॉक्टर हसले. मॅडम म्हणाल्या, “एखादा पेशंट रडायला लागला तर काय कराल?”

“गप शेजारी बसंन. रडत्या मानसाला बोलनारा नको असतोय, मॅडम.”

मॅडमनी डॉक्टरांकडे पाहिलं. तात्यांपुढे एक कागद ठेवला. मी दाखवायला नव्हतो, तरी त्यांनी कागद हातभर लांब धरला आणि बरोबर जागेवर सही केली.

ते बाहेर येऊन माझ्याशेजारी बसले. आत डॉक्टर आणि मॅडम बोलू लागले. आपलं बोलणं काचेबाहेर जात नाही, या भरवशावर ते बिनधास्त बोलत होते.

“मला ते मोठे गृहस्थ आवडले,” मॅडम म्हणाल्या. “शांत आहेत. पेशंटला आधार वाटेल.”

“दिवसभर उभं राहायचं काम आहे,” डॉक्टर म्हणाले. “गुडघे साथ देतील का?”

“विचारू या. गुडघे ठीक असतील तर त्यांनाच घेऊ. तो दुसरा फार ओरडतो.”

“ओरडणं सवयीनं कमी होईल. गुडघे मात्र बदलावे लागतात, आणि ते मलाच करावं लागेल.”

दोघे हसले. माझ्या डोळ्यांपुढे ती पुसून ठेवलेली ट्रंक आली.

तेवढ्यात तात्यांनी मला कोपर मारलं. “काय म्हणत्यात रं?”

चष्मा घरी खुंटीला होता. तो मीच काढायला लावला होता. तात्यांना काचेपलीकडचं दिसत नव्हतं आणि मला सगळं दिसत होतं. या माणसाने मला ओठ वाचायला शिकवलं होतं. मी एकदा काचेकडे पाहिलं आणि मग त्यांच्या कानाशी लागलो.

“म्हणत्यात, मोठा मानूस बरा हाय,” मी सांगितलं. “पर वयाचा इचार पडलाय. तुमी गुडघा दुखतोय म्हनून सांगितलं, तर बसून करायचं काम देनार हाईत. तुमी आपलं सांगाच, लई दुखतोय म्हनून.”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. चांगलंच पाहिलं.

“असं म्हणत्यात व्हय?”

“व्हय.”

“मग सांगतो की गुडघ्याचं.”

मॅडमनी पुन्हा बोलावलं. तात्या उठले, आणि डावा पाय ओढत आत गेले. आत त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून असं काही तोंड वाकडं केलं की डॉक्टर अर्धवट उठलेच. मी वाचणं बंद केलं आणि जमिनीकडे पाहत राहिलो. तात्या बाहेर आले ते उजवा पाय ओढत. ते माझ्या ध्यानात आलं होतं. पण तेव्हा मला पायांची मोजदाद करायची नव्हती.

“न्हाई जमलं माझं,” ते म्हणाले. “जा, तुला बलावत्यात.”

नोकरी मला लागली. वैजयंताने ट्रंक पुन्हा माळ्यावर टाकली. सासऱ्यांनी “बरं झालं” असा निरोप धाडला, पण त्यात त्यांना बरं वाटल्याचं काही दिसलं नाही. ठरल्याप्रमाणे मी पेढे घेऊन तात्यांकडे गेलो. त्यांनी दोन खाल्ले, एक काकूंना भरवला आणि म्हणाले, “ग्वाड हाईत.” मी मात्र घरी आल्यावर पेढा नुसता धरून बसलो. अमृताने माझ्या हातातला पेढा चाटून संपवला.

डॉक्टरांचं खरं ठरलं. सहा महिन्यांत माझा आवाज उतरला. इतका उतरला की घरी वैजयंता म्हणू लागली, “जरा मोठ्यानं बोला की.”

तात्यांना मालकांनी मंगल कार्यालयात बोलावून घेतलं. सुरुवातीला खुर्च्या मांडायला. पण लग्नात बँड, स्पीकर, वर दोनशे माणसांचा कालवा, म्हणजे तात्यांसाठी आपली जुनी शेडच. एका लग्नाला मी होतो. तिसऱ्या रांगेत नवऱ्या मुलाचा मामा शेजाऱ्याला म्हणाला, “मठ्ठा आंबट झालाय. ह्यांना दावतोच आता.” तात्या स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मामा भांडायला उठायच्या आत त्याच्यापुढे ताजा मठ्ठा आणि वर एक जिलबी हजर. मामा गार झाला. पंचक्रोशीत बोलबाला झाला की त्या कार्यालयात रुसवे होत नाहीत, तिथला तात्या माणसाच्या मनातलं ओळखतो. मुहूर्त ठरला की लोक लगेच विचारायचे, तात्या मोकळे आहेत का?

आणि तेच तात्या तीन-तीन पंगती वाकून वाढायचे. गुडघ्याचं नाव नाही. मंगल कार्यालयाच्या वातावरणाने गुडघा बरा झाला असेल, अशी मी माझी समजूत काढली. स्वतःची समजूत काढायला माणसाला फारशी हुशारी लागत नाही. दर दिवाळीला मी फराळ घेऊन त्यांच्याकडे जायचो. सांगायचं म्हणून बसायचो, आणि चकलीच्या भाजणीवर बोलून परत यायचो. सतरा वर्षं माझ्याकडून ते एक वाक्य निघालं नाही.

गेल्या वर्षी तात्यांना मोतीबिंदू झाला आणि ते आमच्याच इस्पितळात आले. सत्तरी गाठलेली, केस पांढरे शुभ्र. मी त्यांना हात धरून डोळ्यांच्या विभागात नेलं. तपासणाऱ्या मुलीने विचारलं, “आजोबा, आधी लांबचा चष्मा होता का?”

“न्हाई वो बाई,” तात्या म्हणाले. “जल्मात न्हाई. चाळिशीचा तेवढा हुता, जवळचा. तार ओवायला. लांबचं मला घारीवानी दिसायचं.”

माझ्या हातातली फाइल पडली. कागद पंख्याच्या वाऱ्याने खोलीभर झाले. ती मुलगी आणि मी ते गोळा करत होतो आणि तात्या खुर्चीवर बसून छताकडे पाहत होते.

अकरा वर्षं हा माणूस चष्मा छातीवर लोंबकळत ठेवून शेडच्या त्या टोकावरून माझ्याशी बोलला. कागद हातभर लांब धरून त्याने माझ्यादेखत सही केली. आणि मी शहाणा! चष्मा म्हणजे चष्मा, तो काढला की माणूस आंधळा, एवढीच माझी अक्कल. घरी गेल्यावर वैजयंताला सांगितलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आता तरी जाऊन बोला. मोठ्यानं बोला.”

त्याच दुपारी तात्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. त्यांना आत खुर्चीवर बसवलं होतं. मी काचेच्या दाराबाहेर उभा. आत जायला मला कुणी अडवणार नव्हतं, पण मी दार ढकललं नाही. तात्यांनी नवा डोळा उघडझाप करून पाहिला, भिंत पाहिली, नर्सबाई पाहिल्या आणि मग काचेतून मला पाहिलं. मी आवाज न काढता ओठ हलवले. सतरा वर्षांनी हलवत होतो, पण विसरलो नव्हतो.

“तात्या, त्या दिशी मी तुमाला खोटं सांगितलं.”

तात्यांचे ओठ हलले. “म्हायती हाय.”

“तुमाला दिसत हुतं?”

“समदं. त्या मॅडमच्या दातात कोथमीर अडकल्याली, ती सुदिक.”

“मग मला इचारलं कशाला?”

नर्सबाईंनी तात्यांच्या डोळ्यात थेंब टाकला. तात्यांनी तो पुसला आणि ते पुन्हा माझ्याकडे वळले.

“तू खरं सांगितलं असतंस तर नोकरी मीच घेतली असती. मला बी पायजे हुतीच की. पर अकरा वर्सांत तू माझ्याशी कवा खोटं बोलला न्हाईस. बोललास, तवा कळलं, ह्याचा जीव केवढा अडकलाय.”

मला रडू आलं. लपवण्यात अर्थ नव्हता, काच होती. बाकावरचे रुग्ण माझ्याकडे पाहू लागले. रुग्णांना धीर देण्यासाठी ठेवलेला माणूसच दारात उभा राहून रडतोय म्हटल्यावर एक म्हातारी घाबरून निघूनही गेली. तात्या आत नुसते बसून होते. काही बोलले नाहीत. रडत्या माणसाला काय लागतं, ते त्यांनी त्या दिवशी मॅडमना सांगितलंच होतं.

माझं रडणं आवरल्यावर त्यांनी एक बोट वर केलं. शेडमध्ये ते असं बोट वर करायचे, म्हणजे शेवटचं सांगणं बाकी आहे.

“आनि एक,” त्यांचे ओठ म्हणाले. “तवा माझ्या कानाशी लागून तू जल्मात पयल्यांदा हळू बोललास. म्हटलं, पोरगं पास झालं.”